सोयाबीनच्या कॅप्सूल आणि पाळी गेल्यानंतरची हाडं

प्रश्न असा आलाय. वय ५२, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलनेचा आकडा, उणे १.९ निघाला. आईचा खुबा ६८व्या वर्षी मोडला होता, आई आता ७६ वर्षांच्या आहेत, त्यामुळे धास्ती आहे. हार्मोनच्या गोळ्यांची भीती वाटते. मैत्रिणीनं सोया आयसोफ्लॅव्होनच्या कॅप्सूल सुचवल्यात, ‘हे झाडाचं इस्ट्रोजेन आहे, याचा त्रास नाही’ असं सांगून. त्या घ्याव्यात का? की घरीच सोयाबीन, जवस खाल्लं तर भागेल?

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. सोयाबीन खा, जवसही खा. कॅप्सूलवर पैसे घालू नका. आणि घातलेच, तर ‘आपलं औषध चालू आहे’ असं समजून पुढची तपासणी टाळू नका. वनस्पतीतल्या इस्ट्रोजेनचा हाडांवर परिणाम होतो, ही थाप नाही. पण तो किती होतो हे आता बऱ्यापैकी मोजलं गेलंय, आणि मोजल्यावर तो जाहिरातीपेक्षा बराच लहान निघालाय.

मी लातुरात तीस वर्षं हाडांची प्रॅक्टिस करतोय. दिवाळीच्या आगेमागे इथल्या मार्केट यार्डात सोयाबीनच्या कट्ट्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते. त्याच दिवसांत माझ्याकडे मनगट मोडलेल्या बायका येतात. रानात धुऱ्यावरून पाय घसरला, हात टेकला, मनगट गेलं. वय पन्नास-पंचावन्न. त्यातल्या बऱ्याच जणींनी हे सोयाबीन स्वतः काढलेलं असतं, पण घरात काय खाता विचारलं तर वर्षातून चार वेळा वड्यांची भाजी. बाकी सगळं प्लांटला जातं. तिथं तेल निघतं आणि उरलेली पेंड, व्यापारी जिला डीओसी म्हणतात, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आयसोफ्लॅव्होन तेलात जवळपास उतरतच नाहीत, ते पेंडीत राहतात. म्हणजे आपल्या भागातलं झाडाचं इस्ट्रोजेन खरं तर ब्रॉयलर कोंबड्या खातात! सोयाबीनचं तेल वापरतो म्हणजे हाडांची सोय झाली, असं समजणारे पेशंट भेटतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

आता हाडांकडे येतो. शेणामातीच्या घरात वाढलेल्यांना हे पटकन कळतं. भिंतीला पोपडे आले की आधी ते खरवडायचे, मग नवा हात द्यायचा. हाडातही खरवडणाऱ्या आणि लिंपणाऱ्या पेशी जागोजागी जोडीनं कामाला असतात. खरवडणाऱ्या त्या ऑस्टिओक्लास्ट, लिंपणाऱ्या त्या ऑस्टिओब्लास्ट. एका जागेचं खरवडणं साधारण तीन आठवड्यांत उरकतं, लिंपायला मात्र तीन-चार महिने लागतात. सगळी गोम या वेळेच्या फरकात आहे. एकदम फार जागा खरवडायला काढल्या तर लिंपणाऱ्यांचा हात पुरत नाही, आणि अर्धवट राहिलेले खड्डे जाळीदार हाडात आरपार भोकं होऊन बसतात.

किती जागा एका वेळी उकरायच्या, यावर इस्ट्रोजेन या हार्मोनचा लगाम असतो. खरवडणाऱ्या पेशी तयार करण्याचा हुकूम रँकल नावाचं प्रथिन देतं, आणि ओपीजी नावाचं दुसरं प्रथिन त्या रँकलला वाटेतच पकडून ठेवतं. इस्ट्रोजेन रँकल कमी करतं, ओपीजी वाढवतं, शिवाय खरवडणाऱ्या पेशी लवकर मरतील अशी व्यवस्था करतं. पाळी गेली की हा लगाम सुटतो. पहिल्या काही वर्षांत मणक्याचं हाड वर्षाला दोन-तीन टक्क्यांनी उतरतं, नंतर वेग मंदावतो. बॉस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी १९४१च्या सुमारास ही सांगड घातली, तेव्हा इस्ट्रोजेन हाडाशी नेमकं काय करतं हे कुणालाच माहीत नव्हतं. ठिसूळ हाडांचे त्यांचे बहुतेक पेशंट पाळी गेलेल्या बायका आहेत, एवढं त्यांच्या नजरेत भरलं होतं.

पुरुषांनाही यातून सूट नाही. १९९४ साली अमेरिकेतल्या २८ वर्षांच्या एका तरुणाची नोंद प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतच होती, हाडांची टोकं जुळलेली नव्हती, आणि हाडं म्हाताऱ्या माणसासारखी पोकळ. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनही होतं, पण ते ज्या कुलपात बसायला हवं ते कुलूपच जन्मतः बिघडलेलं होतं. पुरुषाचं हाडही इस्ट्रोजेनवर चालतं, हे त्या एका माणसानं वैद्यकाला शिकवलं.

कुलपाचा विषय निघालाच आहे. इस्ट्रोजेनची कुलपं दोन, अल्फा आणि बीटा. दुसरं कुलूप अस्तित्वात आहे हे १९९६पर्यंत माहीतच नव्हतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाला ते उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत सापडलं. गर्भाशयात आणि स्तनात अल्फाचा जोर जास्त, हाडात दोन्ही आहेत. सोयाबीनमधल्या आयसोफ्लॅव्होनपैकी जेनिस्टीन हा रेणू आकारानं आपल्या इस्ट्रोजेनची ढोबळ नक्कल आहे. तो अल्फात सैल बसतो, बीटात मात्र बराच घट्ट. ते कळलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. हाडाला फायदा, गर्भाशयाला धक्का नाही, असं आयतं औषध शेतातच उगवतंय की काय!

असं निवडक वागणारे रेणू औषध म्हणून असतात. तुमच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे आशाताई वाटतात त्या ‘छाया’ गोळ्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेला त्यातला ऑर्मेलॉक्सिफेन याच जातीचा, एका अवयवात इस्ट्रोजेनसारखा आणि दुसऱ्यात त्याच्या उलट वागणारा. हाडांसाठी याच जातीतलं रॅलॉक्सिफेन वापरतात. १९९९ सालच्या ७,७०५ बायकांच्या चाचणीत ज्यांना ते दिलं, त्यांच्यात मणक्याची फ्रॅक्चर तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी झाली, खुब्याची मात्र कमी झाली नाहीत, आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढला. हे मुद्दाम सांगतोय. कारखान्यात नेमकं घडवलेलं औषधही सगळी हाडं वाचवत नाही, आणि त्याला त्रासही असतो. मग झाडाच्या रेणूकडून किती अपेक्षा ठेवायची, हे आपलं आपणच ठरवावं.

झाडाच्या इस्ट्रोजेनला त्रास नाही, हे मैत्रिणीचं वाक्य मेंढ्यांना विचारून बघायला हवं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४०च्या दशकात क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. कळपच्या कळप वांझ. त्या चाऱ्यातल्या आयसोफ्लॅव्होनचं मेंढीच्या पोटात इक्वॉल होत होतं, आणि इक्वॉल इस्ट्रोजेनसारखं वागतं. हा इक्वॉल १९३२ साली गाभण घोडीच्या मुतात पहिल्यांदा सापडला होता, म्हणून त्याचं नाव घोड्याच्या लॅटिन नावावरून पडलं. मेंढी दिवसभर तेच चरते, आपण चमचाभर खातो, त्यामुळे तुम्ही घाबरू नका. पण जो रेणू काम करतो तो नको तिथंही काम करू शकतो, एवढं ‘नैसर्गिक’ शब्द ऐकताना ध्यानात असू द्या.

या इक्वॉलनं माणसांच्या संशोधनातही घोळ घातलाय. सोयाबीनमधल्या डेडझीन या दुसऱ्या आयसोफ्लॅव्होनचं इक्वॉल करायला आतड्यात ठरावीक जीवाणू लागतात. जपान, कोरिया, चीनमध्ये निम्म्या किंवा थोड्या जास्त माणसांत ते असतात, युरोप-अमेरिकेत पंचवीस-तीस टक्क्यांत. प्रयोगशाळेतल्या उंदरांत मात्र जवळपास सगळ्यांत. त्यामुळे अंडाशय काढलेल्या उंदरीला सोया दिलं की तिची हाडं छान राहतात, शोधनिबंध छापून येतो, आणि त्याच निबंधाचा फोटो कॅप्सूलच्या माहितीपत्रकावर येतो. पुढची पायरी माकडांची होती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात अंडाशय काढलेल्या माकडिणींना सोयातले आयसोफ्लॅव्होन दिले. २००३ साली निकाल आला: हाडांची झीज थांबली नाही. माकडंही इक्वॉल बनवतात, म्हणजे दोष फक्त जीवाणूंवर ढकलून चालत नाही.

बायकांवरच्या चाचण्या सांगताना मला पर्ड्यू विद्यापीठातलं कॉनी वीव्हर यांचं काम सगळ्यांत आवडतं, कारण त्यांनी घनतेच्या फोटोवर न थांबता थेट हाडातून सुटणारं कॅल्शियम मोजलं. कॅल्शियम-४१ हा कॅल्शियमचा अतिशय दुर्मीळ भाऊ आहे, किरणोत्सर्गी, पण इतका मंद की त्याचं अर्धं आयुष्यच लाखभर वर्षांचं. तो अगदी कणभर शरीरात सोडायचा, काही महिने हाडात मुरू द्यायचा, आणि मग लघवीतून किती बाहेर पडतो ते कणत्वरकासारख्या अवाढव्य यंत्रानं मोजत राहायचं. हाड जितकं जास्त खरवडलं जाईल तितका हा खुणेचा कॅल्शियम लघवीत जास्त. आता त्याच बाईला पन्नास दिवस एक उपचार द्यायचा, मधे सुट्टी, मग दुसरा. बाई तीच, हाड तेच, त्यामुळे तुलना चोख.

२००९ साली ११ बायकांचा निकाल आला. हार्मोन उपचारानं हाडातून होणारी गळती २४ टक्क्यांनी कमी झाली. रिसेड्रोनेट या हाडांच्या गोळीनं २२ टक्क्यांनी. सोयाबीनच्या डाळिंबीतल्या आयसोफ्लॅव्होननं ९ टक्के, सोयाच्या कोंबातल्या अर्कानं ५ टक्के. लाल क्लोव्हर आणि कुडझू या दुसऱ्या दोन नावाजलेल्या वनस्पतींनी लक्षात घेण्याजोगं काहीच केलं नाही. नंतर आणखी २४ बायकांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हाही सोयाचा आकडा सात-आठ टक्क्यांच्या घरात आला. गंमत म्हणजे बाई इक्वॉल बनवणारी आहे की नाही, यानं तिथं फरक पडला नाही. तर माझ्या मते सोयाच्या ताकदीचं माप हे धरावं: खऱ्या उपचाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि तेही बरं चाललं तर.

एवढा हलका लगाम दोन वर्षांनी डेक्साच्या पडद्यावर दिसतो का? इथं चाचण्या एकमेकींशी भांडतात. इटलीत ३८९ बायकांच्या चाचणीत साधारण निम्म्या जणींना रोज ५४ मिलीग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दोन वर्षं दिलं. २००७ साली छापलेल्या त्या निकालात मणक्याची आणि खुब्याची घनता चक्क वाढली, नुसत्या कॅल्शियम-डी जीवनसत्त्वावर असलेल्या बायकांची घटली. विक्रेत्यांच्या तोंडी हीच चाचणी असते. २०११ साली मायामीतली चाचणी आली. वय ४५ ते ६०, पाळी जाऊन पाच वर्षांच्या आतल्या २४८ बायका, म्हणजे जवळपास तुमच्याच जोडीच्या. साधारण निम्म्या जणींना रोज २०० मिलीग्रॅम आयसोफ्लॅव्होन, बाकीच्यांना खोटी गोळी, दोन वर्षं. मात्रा भरपूर. दोन्ही गटांत मणक्याची घनता दोन टक्क्यांच्या आसपास उतरली, काही फरक नाही. अंगातून गरम वाफा येण्याची तक्रार सोया घेणाऱ्यांत ४८ टक्के आणि खोट्या गोळीवाल्यांत ३२ टक्के, म्हणजे ज्या त्रासासाठी बायका हे घेतात तोच त्यांच्यात जास्त. बद्धकोष्ठही जास्त. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१२ साली सगळे कागद तपासले आणि ‘आयसोफ्लॅव्होन हाडांची घनता राखतात’ हा दावा सिद्ध होत नाही असं सांगितलं.

‘मग चीन-जपानच्या बायकांचं काय?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. शांघायमध्ये पाळी गेलेल्या २४,४०३ बायकांचा सुमारे साडेचार वर्षं मागोवा घेतला. ज्या सगळ्यांत जास्त सोया खात, रोज १३ ग्रॅमच्या वर सोया-प्रथिन, त्यांच्यात फ्रॅक्चर सगळ्यांत कमी खाणाऱ्यांपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्तच कमी होती, आणि पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्यांत हा फरक आणखी ठळक. १३ ग्रॅम प्रथिन म्हणजे कोरडं सोयाबीन साधारण ३५ ग्रॅम, एक मूठ. पण या बायका टोफू, म्हणजे सोयाचं पनीर, लहानपणापासून खातात, त्याबरोबर प्रथिन येतं, टोफू कॅल्शियमनं गोठवलेला असेल तर कॅल्शियमही येतं. आयसोफ्लॅव्होन त्या ताटातला एक घटक झाला. आणि जपानी बायकांचा खुबा गोऱ्या बायकांपेक्षा कमी मोडतो हे खरं असलं, तरी मणक्याची फ्रॅक्चर त्यांच्यात कमी नाहीत. सोयानं हाड पोलादी केलं असतं तर मणके का दबले असते?

कॅप्सूलच्या खोक्यावर काय लिहिलंय तेही जरा वाचू. गेल्या महिन्यात एका बाईंनी पर्समधून काढून दिलेलं खोकं माझ्या टेबलावर होतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘सोया आयसोफ्लॅव्होन ५० मिलीग्रॅम’. मागं बारीक अक्षरात ‘अर्क, ४० टक्के’. म्हणजे आयसोफ्लॅव्होन २० मिलीग्रॅम. झाडात हे रेणू साखरेला जोडलेले असतात, आणि आतड्यात साखर तुटल्यावरच कामाचे होतात. जेनिस्टीनचं साखरेसकट वजन ४३२ धरलं तर साखर गेल्यावर २७० उरतं. तेव्हा त्या वीस मिलीग्रॅममधले कामाचे साडेबारा. त्यातही जेनिस्टीन साधारण निम्मं. इटलीच्या चाचणीतल्या ५४ मिलीग्रॅमपुढे हे सहा-सात. बाई दिवसाला एक घेत होत्या. मी त्यांना कागदावर हा हिशेब करून दाखवला, तर म्हणाल्या, ‘म्हणजे डॉक्टर, मी वर्षभर काय गिळलं?’

मात्रा वाढवत नेऊन प्रश्न सुटत नाही. जास्त प्रमाणात जेनिस्टीन पेशींच्या दुसऱ्या यंत्रणांत लुडबुड करायला लागतं. हाडाच्या मगजातल्या ज्या मूळपेशी लिंपणाऱ्या व्हायच्या, त्या चरबीच्या पेशी होण्याकडे झुकतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. जपाननं २००६ सालीच पूरक गोळ्यांतून रोज ३० मिलीग्रॅमच्या वर आयसोफ्लॅव्होन घेऊ नये अशी मर्यादा घातली. सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या देशानं गोळीबद्दल मात्र हात आखडता घेतला. इप्रिफ्लॅव्होनची कथाही तशीच. आयसोफ्लॅव्होनच्याच साच्यावर बनवलेलं हे औषध काही देशांत हाडांसाठी सर्रास चाललं. मग युरोपात ४७४ बायकांवर तीन वर्षांची चाचणी झाली. २००१ साली कळलं की हाडांना काही फायदा नाही, आणि औषध घेणाऱ्यांपैकी २९ जणींच्या रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी घटल्या.

तरीही एखादीनं हौसेनं कॅप्सूल घेतली तर मी भांडत बसत नाही. भांडतो ते वेगळ्या गोष्टीवरून. सात-आठ वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या होत्या, वय ६१. आधीच्या तपासणीत टी-स्कोर उणे २.८, कुणीतरी हाडांचं औषध लिहूनही दिलेलं. त्यांनी ‘ते केमिकल नको’ म्हणून चार वर्षं सोयाची गोळी घेतली. नातवाला उचलताना पाठीत कळ आली. माझ्या खोलीत भिंतीवर शिंप्याची टेप चिकटवलेली आहे. त्यांना तिथं उभं केलं. आधीची उंची आठवते का विचारलं, त्यांना पासपोर्टच्या अर्जातली आठवत होती. पाच सेंटिमीटर कमी भरली. एक्स-रेत एक मणका ताजा दबलेला, दोन जुने. जुने कधी दबले ते त्यांना कळलंही नव्हतं. गोळीनं त्यांचं काही वाईट केलं नाही. चार वर्षं मात्र गेली.

आणि एका गटाला तर या विषयात अजिबात गुंतवू नये. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्या. २०१९ साली राज्य सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील, तर तिशी-पस्तिशीतच हाडांचा लगाम सुटतो, आणि पुढं चाळीस वर्षं डोक्यावर मोळ्या वाहायच्या असतात. अशा बाईला सोयाबीन पुरे पडणार नाही. दुसरं काही आडवं येत नसेल तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन उपचार द्यायला हवा, आणि तो लिहिताना डॉक्टरनंही कचरू नये.

जवसाबद्दल. जवसात आणि तिळात लिग्नन असतात, आतड्यातले जीवाणू त्यांचं एंटेरोलॅक्टोन करतात, तेही दुबळं इस्ट्रोजेन. कॅनडात क्विबेकमध्ये १९९ बायकांच्या चाचणीत साधारण निम्म्या जणींना रोज ४० ग्रॅम जवस वर्षभर खायला दिलं, हाडांच्या घनतेत फरक पडला नाही. आणि ४० ग्रॅम म्हणजे चटणीचे चमचे मोजत बसा! चटणी खाच, कोठ्याला चांगली, पण भाजून कुटलेली. अख्खं जवस आलं तसं निघून जातं. तिळाची किंमत माझ्या लेखी लिग्ननपेक्षा कॅल्शियमसाठी जास्त. तूर, हरभरा, शेंगदाणे यांत आयसोफ्लॅव्होन नावालाच. कांडवेल, पळसाची साल, शिसवाची पानं याबद्दलही विचारतात. पळस आणि शिसवावर लखनौच्या त्याच संस्थेनं उंदरांवर चांगलं काम केलंय, त्यातले रेणू लिंपणाऱ्या पेशींना चालना देतात. पण वर उंदरांबद्दल जे लिहिलं ते इथंही लागू आहे.

घरात सोयाबीन आणायचं तर सोपा मार्ग दळणाचा. कच्चं दळू नका. त्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडतो. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवून, उन्हात खडखडीत वाळवून मग दळायला द्या. नऊ किलो गव्हाला किंवा ज्वारीला एक किलो, याहून जास्त घातलं तर पोळीला वास येतो आणि घरातले तोंड वाकडं करतात, अनुभवानं सांगतो. चार पोळ्यांमागं साधारण बारा ग्रॅम सोयाबीन पोटात जातं, आयसोफ्लॅव्होन पंधरा मिलीग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्या महागड्या कॅप्सूलच्या जवळपास तेवढंच, शिवाय प्रथिन फुकट. वड्यांतही असतात, फक्त उकळून पिळलेल्या पाण्याबरोबर थोडे वाहून जातात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उपाशीपोटी, आणि सोयाचा पदार्थ तीन-चार तासांनी, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईनं जेवणातलं सोयाबीन घाबरून सोडायची गरज नाही, शांघायच्या ५,०४२ रुग्णांच्या अभ्यासात खाणाऱ्यांचं नुकसान दिसलं नाही, उलट आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. अर्काच्या गोळ्या मात्र तिनं घेऊ नयेत. आणि यजमानांना वाटत असेल की सोयानं पुरुषपण कमी होतं, तर नेहमीच्या खाण्यातून तसं काही होत नाही.

आता तुमचं. उणे १.९ म्हणजे हाड पातळ झालंय, उणे २.५ या रोगाच्या रेषेखाली गेलेलं नाही. पण आईचा खुबा मोडलाय, हे एकट्या आकड्यापेक्षा मला जास्त टोचतं. डी जीवनसत्त्व, थायरॉइड, कॅल्शियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन एवढं रक्त तपासा. तुमच्या वयाला दिवसाला १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास मिळतं, बाकी दूध-दह्यातून, तिळातून येऊ द्या, कमी पडेल तेवढीच गोळी. तुमच्या डॉक्टरांना फ्रॅक्स गणितात तुमची माहिती भरून पुढच्या दहा वर्षांचा धोका काढायला सांगा, त्यात आईच्या फ्रॅक्चरचा रकाना असतो, तो भरायला विसरू देऊ नका. हार्मोन उपचाराचं दार तुम्हाला अजून बंद नाही. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असलेल्या बाईचा हिशेब वेगळा असतो. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीच्या बातमीनं सगळ्या जगाला त्याची धास्ती भरवली आणि सोयाच्या गोळ्यांची चलती झाली. त्याच चाचणीत खुब्याची फ्रॅक्चर तिसऱ्या हिश्शानं कमी झाली होती, ते बातमीत खाली कुठंतरी गेलं. तुम्हाला स्वतःला स्तनाच्या कर्करोगाचा किंवा गुठळीचा इतिहास असेल तर अर्थात नको. स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर बसून भीती बोलून दाखवा आणि मग ठरवा. डेक्सा दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर.

शेवटी एक मलाच विचारायचंय. आईंचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, रॉड किंवा सांधा बसला, टाके निघाले. त्यानंतर हाडांचं औषध त्यांना कुणी सुरू केलं होतं का? बहुतेक घरांत उत्तर ‘नाही’ असतं, आणि चूक आमच्यासारख्या हाडांच्या डॉक्टरांचीच असते. हाड जोडलं की आमचं काम झालं असं आम्हाला वाटतं. खुबा मोडलेल्या २,१२७ पेशंटच्या चाचणीत ज्यांना वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडांचं औषध दिलं, त्यांच्यात नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, हे २००७ सालचं आहे. आईंचा दुसरा खुबा अजून शाबूत आहे. तुमच्या कॅप्सूलचं नंतर बघू, या आठवड्यात त्यांचं डी जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन करून घ्या, आणि जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे त्यांना दाखवून आणा.